पंखा फिरताना काढलेला फोटो

पडद्यावरचा माणूस बर्फात पालथा पडला होता आणि त्याच्या नाकासमोर हातभर लांबीचा कॅमेरा होता. मागे बासरी वाजत होती. "मी सकाळपासून इथे आहे," तो हिंदीत सांगत होता, "माझी बोटं बधिर झाली आहेत. पण बिबट्या आला नाही म्हणून मी बिबट्याला दोष देत नाही. मी माझी लेन्स बदलतो."

"बिबट्याला काय ठावं हे वाट बघतंय म्हणून," माझ्या शेजारी बसलेली हौसाबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून खोकली.

"हळू बोल," मी म्हटलं.

"हळूच बोलतोय की अक्का. खोकला तेवढा मोठ्यानं येतोय."

आम्ही सांगलीच्या एका हळदीच्या कारखान्यात कामाला होतो. मी पॅकिंगची सुपरवायझर आणि हौसाबाई ऐवळे पिशव्या सील करणाऱ्या बायकांपैकी एक. आता मी निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली, पण तेव्हाच्या सोमवारच्या सकाळी अजून आठवतात. सात वाजता मशिनं सुरू व्हायच्या ऐवजी आम्ही सगळ्या कँटीनमध्ये बाकांवर बसायचो आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या चादरीवर कुणीतरी आमच्या आयुष्याबद्दल आम्हाला सांगायचं.

हे सगळं सरपोतदार साहेबांनी सुरू केलं होतं. निनाद सरपोतदार. पुण्याहून आलेले, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, स्वभावानं गरीब. त्यांना फोटोग्राफीचा नाद होता. केबिनमध्ये त्यांनी स्वतः काढलेला एका वठलेल्या झाडाचा फोटो लावला होता आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. हेड ऑफिसकडून जे व्हिडिओ यायचे, त्यातले फोटोग्राफीवरचे ते हटकून निवडायचे. फ्रेम, फोकस, झूम, लेन्स. वर्षभरात आम्हाला हे शब्द इतके पाठ झाले की हौसाबाई घरी सुनेला म्हणायची, "आमटी खारट न्हाई, तुजी लेन्स खारट हाय."

व्हिडिओ संपला. साहेबांनी दिवे लावले.

"काय शिकलो आपण?" त्यांनी विचारलं.

बायका पदर सावरायला लागल्या.

"हौसाबाई, तुम्ही सांगा."

"बर्फात पालथं पडू नये," हौसाबाई म्हणाली.

बायका हसल्या. साहेबही हसले, त्यांना राग यायचाच नाही, तो त्यांचा मोठा गुण होता. "अहो, समस्या समोर नसते. समस्या आपल्या बघण्यात असते. हा मुद्दा आहे."

"मग साहेब, आमच्या पंख्याचं काय करायचं?" ती म्हणाली. "त्यो समोर बी न्हाई आन् बघण्यात बी न्हाई. वरीस झालं, भिंतीला नुसतं भोक हाय."

पंख्याची गोष्ट खरी होती. पॅकिंगच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा जळाला होता आणि त्याच्या जागी पत्रा ठोकला होता. हळद दळण्याची मशिनं पलीकडच्याच भागात असल्यामुळे आमच्या खोलीत दिवसभर हळद तरंगत असायची. डोक्याला फडकी, तोंडाला फडकी, तरी संध्याकाळी आम्ही घरी जायचो ते पिवळ्या होऊन. रिक्षावाले विचारायचे, आज कुणाचं लग्न. बाकीच्यांचं शिंकण्यावर भागायचं. हौसाबाईच्या मात्र छातीत ती हळद जाऊन बसली होती.

"मी वर कळवलंय," साहेब म्हणाले. "बजेट आलं की होईल. तोपर्यंत आपण आपली फ्रेम पॉझिटिव्ह ठेवू. आणि आता एक जरा अवघड सूचना." त्यांनी कागद बघितला, आमच्याकडे बघितलं नाही. "आपला माल खाण्याचा आहे. निर्यातीचं ऑडिट आहे. त्यामुळे पुढच्या एक तारखेपासून ज्यांना सतत खोकला आहे त्यांना पॅकिंगवर उभं राहता येणार नाही. दुसरीकडे जागा निघाली की त्यांना बोलावण्यात येईल."

हौसाबाईनं येणारा खोकला दोन्ही हातांनी दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला नाही. तिच्या नवऱ्याचं हमालीचं काम पाठीमुळे सुटलं होतं. दुसरीकडे जागा निघत नसते, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात साहेब माझ्या टेबलाशी आले. हेड ऑफिसनं स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक कारखान्यानं आपला तीन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवायचा, विषय 'माझी लेन्स'.

"पद्माक्का, तुम्ही बोलायचं," ते म्हणाले. "तुमचा आवाज शांत आहे. चेहऱ्यावर एक तेज आहे."

"ती हळद आहे साहेब," मी म्हटलं.

"बघा, हेच. हेच हवंय मला."

मला नाही म्हणता आलं नाही. आणि मग एक चमत्कार झाला. सोमवारी आम्ही कामावर गेलो तर भिंतीतला पत्रा निघाला होता आणि तिथे पंखा घरघरत होता. दुपारपर्यंत खोलीतली समोरची भिंत स्वच्छ दिसायला लागली. तिच्यावर घड्याळ आहे हे नवीन आलेल्या बायकांना त्या दिवशी कळलं. हौसाबाई संध्याकाळपर्यंत दोनदा खोकली असेल. मंगळवारी एकदाही नाही.

"साहेबांनी लेन्स बदलली वाटतं," ती म्हणाली. ती इतकी खूश होती की तिनं पंखा बसवणाऱ्या फिटरला तिच्या डब्यातली भाकरी देऊ केली. भाकरी खाता खाता तो बोलून गेला, की हा पंखा आपल्या मिरचीच्या गोडाऊनचा आहे. व्हिडिओत खोली स्वच्छ दिसावी म्हणून आणलाय. शनिवारी काढून परत न्यायचा.

हौसाबाईनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात नेहमीची थट्टा नव्हती. "अक्का, म्हंजे फोटोपुरता श्वास," एवढंच ती म्हणाली.

शूटिंग गुरुवारी होतं. भाद्रपद चालू होता. आम्हा जैनांच्या पर्वाचे दहा दिवस त्यातच येतात आणि प्रत्येक दिवस एकेका धर्माचा असतो, क्षमेचा, मार्दवाचा, असा. मी एरवीही सकाळी मंदिरात जाऊन दिवसाचा नियम घेते: आज मीठ नाही, आज अमुक पदार्थ नाही, सूर्यास्तानंतर जेवण तर कधीच नाही. पर्वात दिवसातून एकदाच जेवते. तो गुरुवार उत्तम सत्याचा दिवस होता. मुनी महाराजांसमोर हात जोडून मी नियम घेतला, की आज तोंडातून असत्य शब्द जाणार नाही. घेतला आणि मग मला आठवलं, आज शूटिंग आहे.

मिरजेचा झुबेर मुजावर कॅमेरे घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्याचं नाव होतं त्या भागात. त्यानं खोली बघितली, वरच्या झरोक्याकडे बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब, मागच्या आठवड्यात मी लोकेशन बघून गेलो तवा इथं लाईटचे असले पट्टे पडले होते. वरनं खाली, सोन्याचे. आज कुठं गेले?"

"कसले पट्टे?"

"किरणं हो. हवेत धूळ असली की किरणं दिसतात. आज हवा स्वच्छ हाय, काईच दिसंना. सपाट मारतंय."

साहेबांना फोटोग्राफीतलं कळत होतं, म्हणून त्यांना त्याचं लगेच पटलं. ते पंख्याकडे बघत उभे राहिले. पंखा आणला होता खोली चांगली दिसावी म्हणून, आणि आता पंख्यामुळेच खोली चांगली दिसत नव्हती. बिचाऱ्यांची मोठी पंचाईत झाली.

"अर्धा तास बंद करू या," ते शेवटी म्हणाले.

पंखा बंद झाला. मशिनं चालूच होती. हळूहळू हळद वर चढली आणि झरोक्यातून खरोखरच सोन्याचे खांब उतरले. सुंदर दिसत होतं, नाही कशाला म्हणू. झुबेर हरखून गेला. "मॅडम, हात सावकाश हलवा. बायांनो, वर बघून हसा." बायका वर बघून हसल्या, हसताना शिंकल्या. हौसाबाईला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना.

"मावशी, जरा दम धरा. फ्रेम हलतीय," झुबेर म्हणाला.

"मला फ्रेमच्या बाहीर काढ की बाबा," हौसाबाई खोकता खोकता म्हणाली. "येक तारखेला काढायचंच हाय, आज काढ."

साहेबांनी दुसरीकडे बघितलं. मी जाऊन तिला पाणी दिलं. किरणांचं काम झाल्यावर पंखा पुन्हा लावला. माझ्या बोलण्यात तिच्या खोकल्याचा आवाज यायला नको म्हणून. पंख्याची घरघर चालेल, झुबेर म्हणाला, कारखान्याचा फील येतो.

मग मला खुर्चीवर बसवलं. साहेबांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'समस्या बाहेर नव्हती. समस्या माझ्या नजरेत होती. मी लेन्स बदलली, आणि ज्याला मी धूळ म्हणत होते ते मला सोनं दिसू लागलं.'

"साहेब," मी म्हटलं, "आज मला हे म्हणता येणार नाही."

"का? उपवास आहे का? आवाज निघत नाही?"

"आवाज निघेल. पण आज सत्याचा दिवस आहे. आणि मला ती धूळच दिसते."

"अहो, हे खोटं थोडंच आहे? हे मोटिव्हेशनल आहे."

मी कागदाची घडी घातली. झुबेर घड्याळ बघत होता. त्याला संध्याकाळी कुपवाडला साखरपुडा होता.

"बरं," साहेब म्हणाले. "कागद राहू द्या. तुमच्या शब्दांत बोला. खरं तेच बोला. पण पॉझिटिव्ह."

"खरं आणि चांगलं, दोन्ही?"

"दोन्ही."

मी क्षणभर डोळे मिटले. साहेबांना वाटलं मी प्रार्थना करते आहे. मी खरं म्हणजे विचार करत होते.

"मी पद्मावती मगदूम," मी बोलायला लागले. "या खोलीत वर्षभर हळद उडत होती. समोरची भिंत दिसत नव्हती. आमच्या हौसाबाई ऐवळेंना सारखा खोकला यायचा. सोमवारी आमच्या सरपोतदार साहेबांनी इथे पंखा बसवला. आता भिंत दिसते. पंखा चालू असला की हौसाबाई खोकत नाहीत, हे मी स्वतः बघते आहे. साहेबांनी बायकांच्या छातीतली हळद बाहेर काढली. हे मोठं पुण्याचं काम आहे. बाकीच्या कारखान्यांतल्या बायकांनाही असा साहेब मिळो."

बोलून झालं. झुबेरनं अंगठा दाखवला. मी साहेबांकडे वळले. बघते तर त्यांचा चेहरा लाल झालेला, डोळे ओलसर. नोकरीला लागल्यापासून त्यांचं असं कौतुक कुणी केलं नसावं.

"फार छान, अक्का," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं तुम्ही असं बोलाल."

हौसाबाई मात्र माझ्याकडे रोखून बघत होती. साहेब गेल्यावर ती जवळ आली.

"अक्का, शनवारी पंखा जाणार, ठावं होतं न्हवं तुमास्नी?"

"हो."

"मग ते का न्हाई बोलला?"

"ते कुणी विचारलं नाही."

तिनं पदरानं तोंड झाकलं. खोकते आहे असं मला वाटलं. पण ती हसत होती.

त्या संध्याकाळी मंदिरात बसून मी दिवसभराचे सगळे शब्द मनात एकेक करून तपासले. त्यांत एकही खोटा सापडला नाही. जे बोलले नव्हते ते तपासायला मी बसले नाही. आरतीची वेळ झाली होती.

शनिवारी फिटर आला. "दोन मिनिटं बंद करतो हौसाक्का, बेअरिंगचा आवाज येतोय, बघायचंय," म्हणाला. हौसाबाईनं त्याला स्वतः स्टूल आणून दिलं. दोन मिनिटांत त्यानं पंखा काढून टेंपोत घातला आणि भोकावर पुन्हा पत्रा ठोकला. जाताना त्यानं हौसाबाईकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरी खाल्ली होती ना.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"अक्का, मलाही वाईट वाटतंय," ते म्हणाले, आणि खरंच वाटत होतं. "पण तो त्या युनिटचा ॲसेट आहे. माझ्या हातात नाही."

"एक तारीख जवळ आली, साहेब."

"मला माहीत आहे." ते वठलेल्या झाडाच्या फोटोकडे बघत राहिले. व्हिडिओत सांगितलेल्या सगळ्या लेन्स त्यांनी त्या वेळी मनातल्या मनात बदलून बघितल्या असाव्यात. पत्रा मात्र पत्राच दिसत असणार.

पुढचे दिवस वाईट गेले. हौसाबाई कामावर यायची, पिशव्या सील करायची, आणि उबळ आली की धावत बाहेर नळावर जायची, म्हणजे खोकला खोलीत मोजला जाऊ नये. तिची थट्टा आटली होती. त्या सोमवारी साहेबांनी व्हिडिओ लावला नाही. एकदा दुपारी हौसाबाईनं मला विचारलं, "अक्का, तुमच्या देवाला नवस चालतोय?" आमच्यात नवस नसतो, मी म्हटलं. "मग उगंच उपास करताय व्हय," ती म्हणाली. मी पिशव्या मोजायला लागले.

महिना संपायला आला होता. सकाळी साडेनऊला साहेब पॅकिंगच्या खोलीत आले ते जवळजवळ पळतच. हातात मोबाईल होता आणि चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं अवघड आहे. बक्षीस लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढी भीती मी कधी बघितली नव्हती.

"पद्माक्का, बाहेर या."

मी गेले.

"आपला व्हिडिओ पहिला आला."

"अभिनंदन, साहेब."

"मालकांचा स्वतःचा फोन होता. म्हणाले, सगळ्यांनी नुसती किरणं आणि डोंगर पाठवलेत, तुम्ही एकट्यानं पंखा पाठवला. म्हणाले, सगळ्या कारखान्यांत असे पंखे बसवतो. आणि..." त्यांनी मोबाईल खिशात घातला. "आणि हेड ऑफिसच्या मासिकात छापायला पंख्याचा फोटो मागितलाय. बायकांसोबत. उद्याच्या उद्या. दसऱ्याला इकडे आले की स्वतः बघणार म्हणाले."

 आत हौसाबाई खोकत होती.

"अक्का, खरं सांगा," साहेब हळूच म्हणाले. "तुम्ही हे मुद्दाम केलंत का?"

"साहेब, सोमवारी तुम्ही पंखा बसवला होता की नव्हता?"

"होता."

"मी तेवढंच म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. "मी मिरचीच्या गोडाऊनला फोन करतो," ते म्हणाले. "नाही दिला तर माझ्या खिशातून नवीन घेतो. दुसरा रस्ता ठेवलाच नाही तुम्ही."

दुपारी पंखा आला. तोच. संध्याकाळपर्यंत घड्याळ दिसू लागलं. एक तारखेची सूचना फलकावर लागली, पण ती 'डॉक्टरी तपासणीनंतर' अशी बदलून. आणि डॉक्टर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधले होते, त्यांनी हौसाबाईची छाती तपासून, स्वच्छ हवेत काम करू द्या, असंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी झुबेर फोटोला आला. आम्ही पंख्याखाली ओळीनं उभ्या राहिलो. त्यानं दोन-तीन फोटो काढून कॅमेऱ्याच्या मागे बघितलं आणि मान हलवली.

"साहेब, अडचण हाय. फ्लॅश मारला तर पाती थांबल्यासारखी दिसतात. बघणाऱ्याला वाटंल पंखा बंद हाय. न्हाई मारला तर नुसतं गोल धुरकट दिसतंय. वाटंल भिंतीला भोक हाय."

साहेबांनी दोन्ही फोटो नीट बघितले. "मालक म्हणतील पंखा कुठे आहे. एक काम करू, दोन मिनिटं बंद करू. पाती स्वच्छ येतील. खाली लिहू, चालू स्थितीतील पंखा."

स्विच दरवाज्याजवळ होता. साहेब तिकडे वळले, तर हौसाबाई ओळीतून निघून त्यांच्या आधी तिथे पोचली आणि स्विचवर तळहात ठेवून उभी राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

"अहो, दोनच मिनिटं."

"त्यो बी दोनच मिन्टं म्हणला हुता."

"हौसाबाई, मी शब्द देतो."

"शब्द द्या, पर बटण न्हाई मिळायचं. असंच काढा."

"मग तुम्ही तरी या फोटोत. व्हिडिओत तुमचंच नाव आहे, तुम्हीच नसलात तर कसं दिसेल?"

"कसं बी दिसू द्या. अक्का हाय की त्यात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झुबेरला खूण केली, आणि त्यानं तसाच फोटो काढला.

तो फोटो पुढे मासिकात आला आणि मोठा करून कँटीनमध्येही लागला, चादरीच्या भिंतीवर. आम्ही दहा-बाराजणी हसतो आहोत, मी मध्यभागी जरा अवघडून उभी आहे आणि आमच्या डोक्यावर एक राखाडी गोल आहे. पंखा म्हणून ओळखायला खाली वाचावं लागतं. त्यात हौसाबाई नाही. फोटोच्या अगदी डाव्या कडेला फक्त एक कोपर आलं आहे, बांगडीपर्यंत पिवळं. ते कुणाचं, असं नवीन आलेल्या पोरी हमखास विचारायच्या. त्यानंतरही पुष्कळ वर्षं ती कामावर होती, जवळच कुठेतरी पिशव्या सील करत असायची, आणि मान वर न करता सांगायची, "माजंच हाय ते. मी कामात हुतो."